विमानांचा धंदा आणि आमचे दोन तालुके

विमानकंपन्यांची चढाओढ आणि विमानतळांची मालकी हा विषय शाळेच्या वार्षिक अंकांत कशास हवा, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत उभा राहील. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पुष्कळ पालकांनीं विमानांत पाऊल ठेविलेलें नाहीं, आणि ज्यांनीं ठेविलें त्यांनाही तो नित्याचा अनुभव नव्हे, हें आम्हांस ठाऊक आहे. माहुलीच्या सुळक्यांवरून जाणारें विमान मुलें मान वर करून पाहतात, आणि तें ढगांत शिरलें कीं पुन्हां खेळास लागतात. परंतु जी वस्तु आपण विकत घेत नाहीं तिच्याशीं आपला कांहींच संबंध नाहीं, हा समज बरोबर नाहीं. ह्या भागांतील भेंडी व दुसरी कांहीं भाजी परदेशीं जाते, ती विमानाच्या पोटांतून जाते. आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकीं कांहींजण विमानतळावर सामान चढविण्याच्या, साफसफाईच्या, पहाऱ्याच्या वा खिडकीवरील कामावर लागण्याची आशा धरून आहेत. आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर ही आशा घरोघर बोलली जाऊं लागली आहे. तेव्हां हा धंदा कसा चालतो, त्यांत कोण कोणाशीं स्पर्धा करितो, आणि कोठें स्पर्धा मुळींच नाहीं, हें समजून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम धंद्याचें गणित पाहूं. आसनगांव स्टेशनाबाहेर उभी असलेली शेअर रिक्षा सर्वांच्या परिचयाची आहे. जागा भरल्याखेरीज चालक हालत नाहीं, आणि आंत बसलेले लोक घड्याळाकडे पाहून कुरकुर करितात. चालकाचें चुकतें असें आम्ही म्हणणार नाहीं. शहापुरापर्यंत जाण्यास जें इंधन लागावयाचें तें एक उतारू असला तरी जवळजवळ तितकेंच लागतें. पहिल्या दोघांच्या भाड्यांत खर्च निघतो, आणि शेवटच्या बैठकीचें भाडें हाच त्याचा खरा नफा. विमानाचें गणित ह्याच जातीचें आहे. मात्र रिक्षा थांबूं शकते, विमानास थांबतां येत नाहीं. ठरल्या वेळेस तें उडालेंच पाहिजे, आणि रिकामी गेलेली बैठक दुसऱ्या दिवशीं विकतां येत नाहीं. आठवड्याच्या बाजारांत दिवस मावळतांना उरलेली मेथीची जुडी पडेल त्या भावानें द्यावी लागते, तसाच हा नाशवंत माल आहे.

येथें एखादा चतुर विद्यार्थी विचारील, मग शेवटच्या दिवशीं विमानाचें तिकीट स्वस्त कां होत नाहीं? प्रश्न मार्मिक आहे. मेथी संध्याकाळीं घेणारा मनुष्य ती न घेतांही घरीं जाऊं शकतो. विमानाचें तिकीट शेवटच्या दिवशीं घेणारा मनुष्य बहुधा अडलेला असतो. कोणाच्या घरीं मृत्यु झालेला असतो, कोणास मुलाखतीस बोलाविलेलें असतें, कोणाचा रोगी दूरच्या इस्पितळांत असतो. कंपनीस हें ठाऊक असतें. म्हणून ज्याला घाई नाहीं त्याला दोन महिने आधीं स्वस्तांत बैठक देऊन ती विमान भरावयास आरंभ करिते, आणि अडलेल्याकडून शेवटीं नफा काढिते. एकाच रांगेंत शेजारीं बसलेल्या दोघांनीं निरनिराळें भाडें दिलेलें असतें तें ह्यामुळें. ह्यांत लबाडी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु अडलेल्या माणसाजवळ दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची वाट असेल तरच ह्या रीतीस मर्यादा राहते, एवढें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन ह्याच एका गोष्टीवर उभें आहे.

ह्या धंद्याचा इतिहास आपल्या मुंबईपासून फार दूर नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं एका इंजिनाचें लहानसें विमान टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस आणिलें, तेथून ह्या देशाच्या विमानवाहतुकीचा आरंभ धरितात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचीं जुनीं डाकोटा विमानें स्वस्तांत विकावयास निघालीं, आणि पुष्कळांनीं तीं घेऊन कंपन्या काढिल्या. उतारू थोडे, कंपन्या फार, असें होतांच सर्वांसच तोटा होऊं लागला. १९५० सालीं न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीसमिति नेमावी लागली, आणि १९५३ सालीं सरकारनें हा सगळा धंदा आपल्या हातीं घेतला. चाळीस वर्षें देशांतल्या देशांत जाण्यास इंडियन एअरलाइन्स व परदेशीं जाण्यास एअर इंडिया, ह्यांवांचून उतारूस फारशी निवड उरली नव्हती. तिकीट महाग, खेप उशिरां, आणि तक्रार करावी तर कोणाकडे, अशी स्थिति होती. १९९४ सालीं तो कायदा रद्द झाला आणि पुन्हां खासगी कंपन्यांस दार उघडलें.

त्यानंतरचीं तीस वर्षें म्हणजे कंपन्यांच्या जन्ममृत्यूची नोंदवही आहे. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त हीं नांवें आजच्या मुलांनीं ऐकलेलींही नसतील. २००३ सालीं कॅप्टन गोपीनाथ यांनीं एअर डेक्कन काढिली, आणि कांहीं बैठका एका रुपयास विकून सामान्य माणसासही विमान दाखविलें. ती किंगफिशरनें घेतली. किंगफिशर स्वतः २०१२ सालीं बंद पडली. १९९३ पासून चाललेली जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्यें थांबली. गो फर्स्टनें मे २०२३ मध्यें दिवाळखोरीचा अर्ज केला. सरकारची एअर इंडिया वर्षानुवर्षें तोट्यांत चालून जानेवारी २०२२ मध्यें पुन्हां टाटांकडे गेली, आणि टाटांची विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्यें तिच्यांत विलीन झाली. हीं सर्व माणसें मूर्ख होतीं काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. इंधन हा ह्या धंद्यांतील सर्वांत मोठा खर्च, त्यावर राज्यांचा कर निराळा. विमानांचें भाडें डॉलरमध्यें द्यावयाचें आणि तिकीट रुपयांत विकावयाचें. आणि गिऱ्हाईक असें कीं दोनशें रुपयांच्या फरकासाठीं कंपनी बदलील. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं मुंबई, पुणें व रायगड येथें विमानाच्या इंधनावरील कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणिला, ह्यावरून पूर्वींचें ओझें केवढें होतें तें कळेल.

ह्या मोडतोडींत एक कंपनी मात्र वाढतच गेली, ती इंडिगो. तिची युक्ति समजण्यासारखी आहे, आणि दुकान चालविणाऱ्या कोणत्याही पालकास ती पटेल. कंपनीचें पहिलें विमान ऑगस्ट २००६ मध्यें उडालें. परंतु त्याच्या आधींच, २००५ सालीं, तिनें एकाच जातीचीं शंभर विमानें मागविलीं होतीं. एकदम शंभर घेणाऱ्यास भाव पडतो. एकच जात असल्यामुळें वैमानिक व कारागीर एका विमानावरून दुसऱ्यावर बिनबोभाट जाऊं शकतात, सुटे भाग एकाच प्रकारचे ठेवावे लागतात. विमान उतरलें कीं अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हां उडवावयाचें, कारण जमिनीवर उभें असलेलें विमान भाडें खातें आणि कमावीत कांहींच नाहीं. फुकट जेवण नाहीं, मखमली खुर्च्या नाहींत; वेळ मात्र पाळावयाची. किंगफिशरनें थाटावर पैसा उधळला, इंडिगोनें वेळेवर खर्चला. आम्ही हिची स्तुति मोकळ्या मनानें करितों. हें यश तिनें कष्टानें मिळविलें आहे, कोणाच्या मेहरबानीनें नव्हे.

परंतु यश मिळवितां मिळवितां ती इतकी मोठी झाली कीं २०२५ साल संपण्याच्या सुमारास देशांतील शंभर उतारूंपैकीं साठांहून अधिक तिच्याच विमानांत बसत होते, आणि उरलेल्यांतील बहुतेक एअर इंडियाच्या गटाकडे. चढाओढ करावयास दोनच मल्ल उरले, आणि त्यांतील एक दुसऱ्याच्या दुप्पट. त्याचें फळ डिसेंबर २०२५ मध्यें सर्व देशानें पाहिलें. वैमानिकांस अधिक विश्रांति द्यावी, आठवड्याची सुटी ३६ तासांऐवजीं ४८ तासांची असावी, रात्रीं विमान उतरविण्याच्या खेपा कमी असाव्या, असा नियम आधीं जाहीर होऊन १ नोव्हेंबरपासून पूर्णपणें लागू झाला. नियम योग्यच होता. थकलेल्या माणसाच्या हातीं दीड-दोनशें जीव द्यावे असें कोण म्हणेल? परंतु कंपनीजवळ पुरेसे वैमानिक नव्हते. ५ डिसेंबर रोजीं एका दिवसांत तिच्या हजाराहून अधिक खेपा रद्द झाल्या. लोक विमानतळांच्या फरशीवर झोंपले. दुसऱ्या कंपन्यांचीं तिकिटें आकाशास भिडलीं, आणि सरकारला भाड्यांवर मर्यादा घालावी लागली. शेवटीं ज्या नियमासाठीं ही वेळ आली त्यांतूनच कंपनीस कांहीं काळ सूट द्यावी लागली.

ही शेवटची गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक बोंचते. लहान कंपनीनें नियम मोडला असता तर तिला दंड करून मोकळें होतां आलें असतें. जिच्यावर अर्ध्याहून अधिक देश अवलंबून आहे तिला शिक्षा करावी तर उतारूच अडकतात. म्हणून नियमासच वाकावें लागतें. मोठेपणाचा खरा धोका तिकिटाच्या भावांत जितका आहे, त्याहून अधिक येथें आहे.

आतां विमानतळांकडे वळूं. कंपनी न आवडली तर दुसरी शोधतां येते, निदान तशी आशा तरी असते. विमानतळ मात्र बदलतां येत नाहीं. गोव्याचें उदाहरण पाहा. तेथें दाबोळी हा नौदलाच्या तळावरील जुना विमानतळ. त्याचा मुलकी भाग सरकारी प्राधिकरण चालवितें. उत्तरेस मोपा येथें जीएमआर या कंपनीनें बांधलेला नवा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वापरांत आला. दोन धनी, दोन दारें. कांहीं कंपन्यांनीं आपलीं विमानें दाबोळीहून मोपास नेलीं, त्यामुळें दक्षिण गोव्यांतील टॅक्सीवाले व हॉटेलवाले चिंतेंत पडले, आणि आपला विमानतळ ओस पडूं नये म्हणून तेथील लोक जागे झाले. मोपा उघडल्यावर शेजारच्या सिंधुदुर्गांतील चिपीच्या विमानतळाची स्थिति तर आणखी अवघड झाली. ऑक्टोबर २०२१ मध्यें गाजावाजानें सुरू झालेली मुंबईची खेप २०२४ सालीं बंद पडली. स्पर्धा कोणासही दुखवीत नाहीं असें म्हणणें खोटें होईल. परंतु गोव्यांत विमानकंपनीस, आणि तिच्यामार्फत उतारूस, हा नाहीं तर तो असें म्हणतां येतें.

मुंबईंत तसें म्हणतां येत नाहीं. २००६ सालीं मुंबईचा विमानतळ जीव्हीके या गटास चालविण्यास दिला, तेव्हां उत्पन्नांतील ३८.७ टक्के भाग सरकारी प्राधिकरणास द्यावयाचा असें ठरलें. त्याच करारानें, पुढें ह्या परिसरांत दुसरा विमानतळ झाल्यास त्याच्या लिलावांत मुंबईच्या चालकास विशेष हक्क मिळाला. २०१७ सालीं नवी मुंबईचा लिलाव झाला तो जीव्हीकेनेंच जिंकला. २०२१ सालीं जीव्हीके अडचणींत येऊन मुंबईचा विमानतळ अदानी गटाकडे गेला, आणि त्याबरोबर नवी मुंबईही गेली. तेथें ७४ टक्के वांटा त्या गटाचा व २६ टक्के सिडकोचा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्याचें उद्घाटन झालें व २५ डिसेंबर २०२५ पासून उतारूंची ये-जा सुरू झाली. आज एका महानगरास दोन विमानतळ आहेत, आणि दोहोंचा चालक एकच आहे. दोष एका गटाचा नव्हे. हें बीज २००६ च्या करारांतच पेरलें गेलें होतें.

मुरबाडचा बाजार व शहापूरचा बाजार एकाच मक्तेदारास दिला अशी कल्पना करा. मुरबाडांत जागेचें भाडें वाढलें तर भाजीवाली शहापुरास जाईल, परंतु तेथेंही तोच मनुष्य वही घेऊन उभा! तिला बाजार दोन दिसतील, मक्तेदार एकच भेटेल.

ह्यावर समर्थकांचें म्हणणें असें कीं, दोन्ही विमानतळांची आंखणी एका डोक्यानें झाली तर बरें. मुंबईंतील जुनी इमारत दुरुस्तीस काढून तेथील खेपा नवी मुंबईस नेतां येतात, धावपट्ट्यांच्या वेळा जुळवितां येतात. शिवाय विमानतळाचे दर ठरविण्यास २००८ च्या कायद्यानें नेमलेलें स्वतंत्र नियामक प्राधिकरण आहेच. हा युक्तिवाद पोकळ नाहीं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळें एका वेळीं एकच वापरतां येते. तेथील गर्दी हलकी करणें जरूरच होतें, आणि नवी मुंबईचें काम इतकें अवाढव्य होतें कीं लहान भांडवलाचा मनुष्य तें उचलूं शकला नसता. तथापि नियामक दर ठरवितो, सेवा नव्हे. उतारूस रांगेंत किती वेळ उभें राहावें लागतें, मालगोदामांत भाजी उन्हांत पडते कीं सावलींत, चहाचा पेला कितीस मिळतो, ह्या गोष्टी शेजारच्या दारीं प्रतिस्पर्धी उभा असला म्हणजेच सुधारतात. चहाची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु डिसेंबर २०२४ मध्यें कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांस चहा देणारें उपाहारगृह सरकारी प्राधिकरणानें उघडलें तेव्हां त्याची बातमी झाली, ह्यावरून इतरत्र काय भाव असेल तें समजावें.

लंडन शहरानें हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला. हीथ्रो, गॅटविक व स्टॅनस्टेड हे तेथील तीनही मोठे विमानतळ बीएए नांवाच्या एकाच कंपनीचे होते. २००९ सालीं तेथील स्पर्धा आयोगानें निकाल दिला कीं ही मालकी उतारूंच्या हिताची नाहीं, आणि गॅटविक व स्टॅनस्टेड विकावयास लाविले. कंपनी न्यायालयांत भांडली, वर्षें गेलीं, पण अखेरीस २०१३ सालीं स्टॅनस्टेडही हातचा गेला. आमचें मत असें आहे कीं, मुंबईच्या दोन विमानतळांचे दोन धनी असावे, आणि जो तिसरा विमानतळ वाढवणजवळ बांधण्याची भाषा चालली आहे त्याच्या लिलावांत पहिल्या दोहोंच्या चालकास कोणताही विशेष हक्क असूं नये. करार झाल्यावर ओरड करण्यापेक्षां करार लिहिण्यापूर्वीं विचारणें सोपें असतें.

हें सर्व आम्हांस कां लागतें तें आतां स्पष्ट होईल. काढल्यापासून दोन दिवसांत भेंडी कोमेजते. शेतकऱ्यास निर्यातदार जो भाव देतो त्यांतून विमानाचें भाडें व गोदामाचा खर्च आधींच वजा झालेला असतो. त्या दोहोंत जेवढी मक्तेदारी तेवढा बांधावरचा भाव कमी, आणि ती वजाबाकी कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते. भातसेच्या व तानसेच्या पाण्यासाठीं ह्या भागानें जमिनी दिल्या, उलव्याच्या टेकडीखालच्या गांवांनीं विमानतळासाठीं घरेंदारें दिलीं. देणारांच्या नातवंडांस त्या ठिकाणीं कशा प्रकारची नोकरी मिळते हें विचारण्याचा हक्क त्यांस निःसंशय आहे.

आणि नोकरीचा विषय निघाला म्हणून पालकांस थोडें सांगणें प्राप्त आहे. हल्लीं ठाणें-कल्याणकडील कांहीं खासगी वर्ग विमानतळावरील नोकरीची हमी देऊन मोठी फी घेतात. एका पालकानें शेत गहाण ठेवून ती भरल्याचें आम्हांस ठाऊक आहे, आणि मुलीस मिळालें तें एक रंगीत प्रमाणपत्र. विमानांतील सेवकवर्गास विमानकंपन्या निवड झाल्यावर आपण होऊन शिक्षण देतात. त्यासाठीं आधीं लाख रुपये कोठें भरावे लागत नाहींत. विमानांची दुरुस्ती शिकावयाची असेल तर बारावीस भौतिक, रसायन व गणित हे विषय हवेत, आणि संस्था नागरी विमानवाहतूक महासंचालनालयानें मान्य केलेली हवी. मान्य संस्थांची यादी त्या कार्यालयाकडून प्रसिद्ध होते व ती शाळेंत येऊन पाहतां येईल. वैमानिक होण्याचा खर्च फारच मोठा आहे, आणि परवान्यासाठीं दोनशें तास उड्डाण करावें लागतें. पण कर्ज काढण्यापूर्वीं किंगफिशर व जेट बंद पडल्या तेव्हां परवाना हातांत असूनही किती वैमानिक पगाराविना घरीं बसले, हेंही मुलास सांगावें. फी भरावयास जातांना दोन प्रश्न विचारावे: मागील वर्षीं येथून किती मुलें लागलीं, आणि कोणत्या कंपनींत? उत्तर तोंडीं घेऊं नये, लेखी मागावें. आणि तें देण्यास जो वर्ग टाळाटाळ करील तेथून आसनगांवची पुढची गाडी पकडावी.